सहा फूट कमी भरलेला हॉल

मंचर, बुधवार

चि. भिमाजी यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याला उतार पडला का? डॉक्टरच्या गोळ्या खिशात ठेवून गुडघा बरा होत नाही. (तू ठेवतोस. वैजयंतीने सांगितलंय.) इकडे मी आणि आरोही खुशाल आहोत. आता बसून वाच. आम्ही फ्लॅट घेतोय. इथेच मंचरला, दुसरा मजला, हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, किंमत वीस लाख. लगेच वैजयंतीला हाक मारू नकोस, पैसे मागायला हे पत्र नाही.

आरोहीचे वडील गेल्यापासून चौदा वर्षांत आम्ही पाच खोल्या बदलल्या. प्रत्येक खोलीत आधी शिलाई मशीन कुठे बसेल ते बघायचं, उरलेल्या जागेत आम्ही. ब्लाउज शिवून मी दोन लाख दहा हजार साठवले होते. गेणभाऊंनी (जागा दाखवणारे एजंट, माणूस गोड, चहा मात्र नेहमी माझ्याच पैशाने पितात) सांगितलं, "ताई, पयल्या घराला दहा टक्के आपून भरायचे, बाकी बँक बघती." वीस लाखांचे दहा टक्के दोन लाख. म्हणजे वर दहा हजार उरत होते! त्या आनंदात मी एका नवरीच्या ब्लाउजला बाह्या उलट्या लावल्या.

बँकेतल्या मॅडमनी मला शांतपणे खुर्चीवर बसवलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बँक जास्तीत जास्त नव्वद टक्के देते हे खरं, पण त्यांच्या माणसाने मोजून काढलेली किंमत कमी आली तर तिच्यावर. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च आपला. बाईच्या नावावर घेतलं म्हणून थोडा कमी, तरी सव्वा लाख. म्हणजे माझ्याकडे हवेत सव्वातीन लाख. मी घरी येऊन गुपचूप काज करत बसले. आरोहीने (नारायणगावच्या लॅबमध्ये लागून तिला दोन वर्षं झाली) न विचारता पासबुक पुढे ठेवलं. स्कुटीसाठी साठवलेले एक लाख पंधरा हजार. म्हणाली, "आई, एसटीत खिडकी तरी मिळते. स्कुटीला कुठली आलीय खिडकी?" मी तिच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर दोघींचंही काही खरं नव्हतं.

मग मोजणीवाले साहेब आले. टेप नाही, काही नाही, हातात एक डबी. भिंतीवर लाल ठिपका पाडायचा की आकडा येतो. मी कौतुकाने त्यांच्यामागे सगळ्या घरभर फिरले. चार दिवसांनी मॅडमचा फोन, किंमत अठराच लाख निघाली, आता आणखी एक लाख ऐंशी हजार तुम्हाला घालावे लागतील. मी माझी शिवणाची टेप घेऊन गेले. हॉल चौदा फूट. साहेबांच्या कागदावर आठ. तिथेच उभी राहून आठवत बसले, की त्या दिवशी मी कुठे उभी होते.

बँकेत तीन फेऱ्या घातल्या तेव्हा साहेब परत आले. म्हणाले, "मावशी, मशीन चुकत न्हाई."

म्हटलं, "मशीन न्हाई चुकलं, साहेब. मी वाटेत व्हते."

त्यांनी मला जिन्यात नेऊन उभं केलं आणि दार लावून पुन्हा मोजलं. चौदा फूट! किंमत वीस लाख. आरोही सगळ्यांना सांगत सुटलीय, आईचं पोट एक लाख ऐंशी हजारांचं आहे म्हणून. तर कर्ज मंजूर झालं, सगळं छान झालं. वैजयंतीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
कुशाताई

ता.क. सगळं छान झालं असं लिहिलं, ते खरं नाही. पहिल्या घराला सरकारची सवलत आहे, तिच्याशिवाय हप्ता झेपणार नाही. तिच्या फॉर्मवर सही करायची, की माझ्या नावावर कुठेही पक्कं घर नाही. गेणभाऊ म्हणतात, "करा सही, कोण बघतंय?" मला नाही जमत. निमगावच्या घराला तुझ्याबरोबर माझं नाव आहे. वडील गेल्यावर लोक बहिणींची नावं काढत होते, तेव्हा तू ग्रामपंचायतीत संध्याकाळपर्यंत बसून माझं घालून घेतलंस. म्हणालास, "माझ्या ताईला कुणी बेघर म्हणायचं न्हाई." ते नाव आता काढायचं आहे रे. हक्कसोडपत्र करायला जुन्नरला माझ्याबरोबर चल. तीनदा फोन लावला, आणि तिन्ही वेळा टोमॅटोचा भाव विचारून ठेवून दिला.

ता.क. दुसरा. आरोहीने मला न सांगता या पत्राचा फोटो तुला पाठवला. आत्ताच तुझा फोन येऊन गेला. बराच वेळ नुसता खोकलास, मग म्हणालास, "सोमवारी नऊला येतो. नाव कागदावरनं काढू. पर माडीवरची खोली तुझीच. तिथं मी वैजयंतीला कांदेसुदीक ठिवू देत न्हाई." आणि फोन कापलास. पत्र तरीही टाकतेय. पाकिटाला तिकीट लावून झालंय.