इराचं कोपर आणि मांजलपूरचे आजोबा

दांडिया बाजार, बडोदे
बुधवार

रा. रा. बळवंतराव व्याही यांना दत्तात्रेयाचा आदराचा नमस्कार. (आदर खरा आहे, तोच तर त्रास आहे.) तुमची साखर बेतात असेल, विहीणबाईंचे गुडघे जिना चढत असतील. माझं पचन उत्तम; पोटात दुखतंय ते वेगळ्या कारणानं.

रविवारी आपली नात तुमच्या मांजलपूरच्या सोसायटीतल्या घसरगुंडीवरून पडली, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. (सुनेपाशी दोनदा काढला, ते सोडा.) दुकान तसंच टाकून स्कूटर दामटली आणि इराला माझ्या ओळखीच्या दवाखान्यात नेलं. ओळखीमुळे रांग चुकली, आणि बहुधा ओळखीमुळेच एक्स-रेचा फोटोही घाईत निघाला, मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत. "मुका मार आहे शेठ, क्रेप बँडेज बांधा," तिथले डॉक्टर म्हणाले. मी खूश! आणि तुम्ही, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, पोरीच्या हातावर चिक्की ठेवता ठेवता म्हणालात, "हिला तळहात वर करता येत नाहीये. कोपराचा फोटो कुठंय?"

व्याहीबुवा, बिजागऱ्या मी विकतो! पेटी खांद्यावर घेऊन दारोदार विकल्या, तेव्हा कुठे हे दुकान उभं राहिलं. जोडीतलं एक लाकूड वाकलं की दुसरं सांध्यातून निसटतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. सुचलं मात्र तुम्हाला. मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टर वसुंधराबाईंनी नव्या फोटोवर फूटपट्टी ठेवून दाखवलं: करंगळीकडचं हाड कोवळ्या फांदीसारखं वाकलंय आणि अंगठ्याकडचं कोपरातून सरकलंय. मुलांत क्वचित होतं, म्हणाल्या, आणि कोपर बघितलं नाही तर नजरेतून सुटतं. तसंच राहिलं असतं तर हात कायमचा अडला असता. भूल देऊन, न कापता बसवू. सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. सुनेनं माझ्यासाठी आणलेला चहा तुमच्या हातात दिला.

तेही गिळलं असतं. पण भूल चढेपर्यंत पोरीजवळ एकच माणूस. आणि सून रडायला लागली म्हणून बाईंनी तिला बाहेर बसवलेलं. वॉर्डबॉयनं इराला विचारलं, "दादा के नाना? एक ज जण." मी मुलाकडचा, म्हणजे गुजरातीत हक्कानं दादा, तुम्ही नाना; पाऊल उचललंसुद्धा. तिनं चांगल्या हाताचं बोट तुमच्याकडे केलं! दार लोटलं गेलं. पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. आत तुम्ही विचारलंत, "दांडिया बाजारच्या आजोबांना का नाही गं बोलावलं?" ती काय म्हणाली ते मी इथं लिहीत नाही.

असो. हाड चोख बसलं, नात प्लॅस्टर मिरवत हिंडतेय. तुमचा विजय असो. नातीचा लोभ थोडा इकडेही वळू द्यावा.

तुमचा (मत्सरी) व्याही,
दत्तात्रेय

ता. क. प्लॅस्टर काढायच्या दिवशी आत मी जाणार. त्या कटरचा आवाज फार, पोर घाबरेल. तुम्ही बाहेर बसा, चहा मी पाजतो. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. ती म्हणाली होती, "ते लगेच रडतात. मग त्यांनाही बाहेर काढतील, मग माझ्याजवळ कोण?" साफ खोटं! मी रडत नाही, हे तिला तुम्ही नीट समजावून सांगा. त्या दिवशी बाहेर आल्यावर तुम्ही दिलेला रुमाल धुऊन, इस्त्री करून सोबत पाठवतोय. प्लॅस्टर काढायला याल तेव्हा आठवणीनं घेऊन या.