बॅगेची खूण

पांढरकवडा,
१८ नोव्हेंबर २०२५

दिपालीताईंना तनवीर शेखचा सलाम.

तुम्ही खुशाल असाल. अल्लाच्या मेहेरबानीने आम्हीही बरे आहोत. केळापूरकडचे सौरपंप सध्या शहाण्यासारखे चालताहेत, म्हणून तुमच्या या मेकॅनिकला फुरसत मिळाली. मेसेज का नाही केला, म्हणाल. चारदा लिहिला आणि चारदा पुसला. पाना धरणाऱ्या हाताला पेन जड जातो, पण कागदावरचं सहज पुसता तरी येत नाही.

आधी माफी मागतो. मागच्या सोमवारी यवतमाळच्या ऑफिसात मी सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडलो. कंपनीची जुनी व्यवस्था बदलायची, म्हणून प्रत्येकाच्या मोबाइलमधला कामाचा कप्पा पुसून नवा टाकायचा, एवढंच तुमचं काम होतं. चौदा जणांनी मुकाट्याने फोन दिले. मी मात्र टेबलावर हात आपटला, "आमचं घरचं पाहून राह्यले तुम्ही लोक! मी फोन देत नाई." बिचारा ऋतिक रांगेत माझ्या मागे होता, तो चार पावलं सरकला.

ताई, मी खोटं बोललो. घरचं तुम्हाला दिसत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी फोनची नोंदणी करताना तुम्हीच समजावलं होतं: ज्या अ‍ॅपवर बॅगेची खूण असेल ते कंपनीचं, बाकी सगळं तुमचं, तिकडे कंपनी फिरकणार नाही. माझी भीती उलटी होती. माझंच घरचं काहीतरी कंपनीच्या बाजूला पडलं होतं, आणि तिकडचं इकडे आणायला नियमाने बंदी.

तुम्ही रागावला नाहीत. बाजूच्या खोलीत बसवून पाणी दिलंत. "काही कागद आहेत," मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "तनवीरभाऊ, काय हाय ते मले सांगू नका. तुमचं हाय ना? मंग थांबा जरा." साहेबांशी अर्धा तास हुज्जत घालून तुम्ही माझ्या एका फोनपुरती वाट उघडून घेतलीत आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलात. मी माझं जे होतं ते घरच्या बाजूला आणलं. मग तुम्ही कप्पा पुसलात.

कागद नव्हते. फोटो होता, एकच.

मार्चमध्ये आम्हाला मुलगी झाली. मी कळंबला एका पंपावर होतो, तसाच दवाखान्यात धावलो. दिवसभर पंपांचे फोटो काढायची सवय, त्या गडबडीत बोट बॅगेच्या, म्हणजे कंपनीच्या कॅमेऱ्यावरच पडलं. नंतर घरच्या कॅमेऱ्याने वीसेक काढले. आरिफा, माझी बायको, ऑपरेशननंतर तापाने फणफणलेली. मुलगी दुसऱ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत. तीन दिवस राहिली. सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवायची आमच्या घरची रीत, तिथवर ती पोचलीच नाही. आईने लेकीचं तोंडही पाहिलं नाही.

आरिफाने बघून झुरू नये म्हणून अम्मीने माझ्या धाकट्या भावाकडून, जुनेदकडून, फोनमधले सगळे फोटो पुसून घेतले. मायेनेच केलं ते. बॅगेच्या बाजूला मात्र घरातलं कोणी जात नाही, तिथलं कुलूप वेगळं. तो एक तेवढा वाचला.

आणि मी तो एकटाच बघत राहिलो. आठ महिने, शेताच्या बांधावर, डबा खाताना. आरिफाने दोनदा विचारलं, कशी होती? मी म्हणालो, आठवत नाही. तुमच्यावर ओरडलो त्यापेक्षा हा गुन्हा मोठा आहे, म्हणून तुमच्यापाशीच कबूल करतो.

त्याच सोमवारी संध्याकाळी मी फोन तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. फोटोतल्या केसांवर बोट ठेवून ती एवढंच म्हणाली, "इत्ते बाल थे इसके?" मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी तिनेच अम्मीला बोलावून फोटो दाखवला. दोघी खूप रडल्या, मीही रडलो. डोळे पुसत अम्मीच म्हणाली, नाव राहून गेलं पोरीचं. ते आम्ही शुक्रवारी ठेवलं. आरिफाने सुचवलं, आणि तेच तुम्हाला सर्वांआधी कळवायचं असा तिचा हट्ट आहे.

ताई, तुम्ही न विचारता विश्वास ठेवलात. हे उपकार मी विसरणार नाही. कधी पांढरकवड्याला आलात तर घरी जेवल्याशिवाय जायचं नाही.

तुमचा भाऊ,
तनवीर,
उमेराचा अब्बा