वीतभर रिकामी जागा

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी ड्रिलिंगचं यंत्र बंद होतं. पंपाचा वॉशर गेला होता. तो येईपर्यंत नमुन्यांच्या शेडमध्ये बसलो आणि पेट्यांवरची धूळ पुसली. दुपारी जेवलो. नंतर पंप सुरू झाला. संध्याकाळी गार वारा होता.

माझी पत्रं म्हणजे रेडिओवरचा हवामानाचा अंदाज, असं तू मागे लिहिलं होतंस. म्हणून आज थोडं जास्त लिहितो. भाऊ काय करतो असं शेजारच्या बाईंनी विचारलं आणि तुला धड सांगता आलं नाही, तर ते असं. तुमच्या गावाबाहेरच्या शेडमध्ये वीजकेंद्रातला किरणोत्सारी कचरा पिंपांत भरून ठेवला आहे. त्याचा धोका हजारो वर्षं जाणार नाही. म्हणून तो खोल जमिनीखाली कायमचा पुरायचा. तिथे माणूस जाणार नाही, पण पाणी जाऊ शकतं, आणि पाण्याबरोबर कचरा कधीतरी परत वर येतो. तेव्हा ज्यातून पाणी फिरत नाही असा दगड हवा. आम्ही खोल भोक पाडतो. त्यातून मनगटाएवढ्या जाडीच्या दगडाच्या कांड्या निघतात. त्या लांब लाकडी पेट्यांत, खाली होत्या त्याच क्रमाने मांडायच्या आणि तपासायच्या. दगड जितका कंटाळवाणा तितका चांगला. आमचा ड्रिलर म्हणतो की दगड अगदी आमच्या साहेबांसारखा हवा. हलत नाही, बोलत नाही, पाझरत नाही. सगळे हसले. मीही हसलो.

बाकीच्या जागा एकेक करून बाद झाल्या. ही शेवटची उरली आहे, आणि ही तिची, तुझ्या भावजयीची, आहे. तिनेच ती शोधली, भोकं पाडून घेतली आणि सगळ्या पेट्या स्वतःच्या हाताने लावल्या. एकच काम राहिलं होतं. सर्वांत खोल भोकात कॅमेरा सोडायचा, आणि तळाचं पाणी काढून ते किती जुनं आहे ते तपासायचं. तेवढ्यात तिचं आजारपण निघालं. ती गेल्यावर हे काम मी मागून घेतलं. संचालक म्हणाले की थोडे दिवस घरी राहा. घरी राहून काय करायचं ते मला सुचेना.

पेट्यांच्या कडेला आकडे तिच्या हातचे आहेत. अक्षर स्वच्छ आहे. वाचायला त्रास होत नाही.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
भाऊ


२ फेब्रुवारी

चि. मौनीबुवांस,
अनेक आशीर्वाद.

एवढं लांबलचक पत्र! मी आधी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना म्हणून. शेजारणीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे तुमचा भाऊ कचरेवालाच की. मी म्हटलं, हो, पण फार शिकलेला.

इकडचं ठीक आहे. तुझे भाऊजी रोज शेडमध्ये मीटर घेऊन पिंपांभोवती फिरतात आणि कुठे गंज दिसला की घासून रंग लावतात. घरात या माणसाने कधी ब्रश हातात धरला नाही. शेड आली तेव्हा तात्पुरती म्हणून आली होती. तेव्हा आमचा मुलगा शाळेत जात होता, आता तो बाप झाला. नात मी अजून फक्त फोनवर पाहिली आहे. सूनबाई वाईट नाही रे. तिने स्वच्छ सांगितलं की आई, ती शेड रिकामी झाली की दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन येते, तोवर नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण मी तिच्या जागी नाही ना. मागची खोली आम्ही रंगवून ठेवली आहे, आणि मी जाता-येता उगाच दार उघडून बघते.

परवा स्वयंपाकघर आवरताना आमच्या इन्स्पेक्टरीणबाईंची आठवण झाली. आली की माझे डबे पुन्हा लावायची. फळीवर दोन बोटं जागा मोकळी दिसली की तिला चैन पडायचं नाही, सगळे डबे सरकवून एकमेकांना चिकटवायची. मग मला एक डबा काढताना तीन खाली यायचे. मी चिडायची, ती हसायची. दवाखान्यातसुद्धा औषधाच्या बाटल्या ओळीत लावून घेतल्या होत्या नर्सकडून. त्याच दिवशी माझा हात धरून म्हणाली, ताई, दगड पक्का आहे, नात तुमच्या अंगणात खेळेल. मी तेच धरून बसले आहे.

तेव्हा लवकर उरक बाबा. जेवत जा. नुसता चहा पिऊन राहतोस ते मला इथून दिसतं.

आठवण काढत असतेच, तूही काढ.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज ढगाळ होतं. सकाळी प्रयोगशाळेचा निकाल आला. दुपारी संचालक येऊन गेले. तुला सगळं क्रमाने सांगतो.

गेल्या महिन्यात कॅमेरा खाली सोडला. वरचा दगड उत्तम. जिथे कचरा ठेवायचा, साधारण त्याच खोलीवर भिंतीत आडवी फट दिसली. हात आत जाईल एवढी, कडेला माती. मला वाटलं केबल घसरली असेल, म्हणून वर ओढून पुन्हा मोजून सोडली. फट तिथेच. मग शेडमध्ये जाऊन त्या खोलीची पेटी काढली. तिच्या पेटीत तिथे सलग दगड आहे.

आमच्या कामात एक नियम आहे. कुठे दगडाचा भुगा होऊन तो पाण्याबरोबर वाहून गेला, तर पेटीत तेवढी जागा रिकामी सोडायची आणि तिथे लाकडी ठोकळा ठेवायचा. आम्हाला खरी काळजी त्या गेलेल्या दगडाचीच असते, कारण पाणी तिथूनच जातं. तिने जागा सोडली नाही. खालच्या कांड्या वर सरकवून नीट जुळवल्या आणि ठोकळा पेटीच्या शेवटी ठेवला. त्यावर लिहिलं, कापताना झीज. मी त्या दोन कांड्या उचलून एकमेकींना लावून पाहिल्या. बसत नाहीत. कडा घासून गोल झाल्या आहेत. वीतभर दगड मधून गेलेला आहे. तुझ्या फळीचं तू लिहिलं होतंस. मी आणखी काय सांगू.

ड्रिलर माझ्याशेजारी उभा होता. बाईंनी पेटी फार सुंदर लावली होती, एवढंच तो म्हणाला आणि बाहेर गेला.

नंतर फटीतलं पाणी काढलं. ड्रिलिंगच्या पाण्यात आम्ही मुद्दाम रंग मिसळतो. तो रंग यात नव्हता, म्हणजे पाणी आमचं नव्हे. दगडातून पाणी फिरत नसतं, तर ते लाखो वर्षं जुनं असायला हवं होतं. निकालात असा एक अंश आहे की जो बॉम्बच्या चाचण्या सुरू झाल्यावरच पावसात उतरला. तुझ्या-माझ्या हयातीतला पाऊस तिथपर्यंत पोचला आहे. जे खाली जातं ते दुसरीकडे वरही येतं.

संचालक वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले की एकच फट आहे, सिमेंटने बुजवता येईल असं लिहा. तसं नसेल लिहायचं तर फक्त पाण्याचं लिहा, पेटीचा विषय काढू नका, बाईंनी आयुष्य घातलं आहे यात. पण पेटीचं लिहिलं नाही तर उद्या कुणीतरी म्हणेल, थोडं बाजूला सरका, तिथल्या पेट्यांत दगड चांगला दिसतो. त्या पेट्याही तिनेच लावल्या आहेत.

अजून लिहिलेलं नाही. तुला आधी कळवावं असं वाटलं. ही जागा गेली तर शेड हलणार नाही, हे मला माहीत आहे.

रागावलीस तरी आपलं मानत राहा.

तुझा,
भाऊ


२० मार्च

चि. भावास,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या भाऊजींना एकदाच वाचू दिलं.

तू लहानपणापासून असाच. तुला विचारलं तरच बोलायचास, आणि बोलायचास ते नको तेच. एक फट आहे ना? दाताला भोक पडलं तर डॉक्टर सिमेंट भरतो, दात उपटून हातात देत नाही. ते पाणी वर यायला किती वर्षं लागतील? हजार? दहा हजार? तेव्हा कोण असेल, कुठली भाषा बोलत असेल, त्यांची काळजी तुला आहे. माझी नात आत्ताची आहे. ती या महिन्यात चालायला लागली. भिंतीला धरून चालते म्हणे. मी कोणाच्या तोंडून ऐकायचं हे?

आणि तिला कशाला मध्ये ओढतोस? गेलेल्या माणसाला नापास करून कोणती बढती मिळणार आहे तुला? ती मला खोटं बोलली नाही. तिला वाटत होतं ते तिने सांगितलं. तुझ्या कागदावर मात्र ती खोटी ठरणार.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आई गेल्यावर तुझे डबे केले तेसुद्धा बोलून दाखवलं नाही, आता दाखवते आहे, कारण मला दुसरं काही सुचत नाही. लिही की बुजवता येईल. संचालक स्वतः म्हणतायत. तुला काय जातं?

याच्यापुढे काय लिहू. जे करशील ते कळव.

ताई


६ मे

प्रिय मेव्हणेसाहेब,
स. न. वि. वि.

ही लिहीत नाही म्हणून मी लिहितो. मला पत्राची सवय नाही, चूकभूल समजून घ्या.

जागा बाद झाल्याची बातमी पेपरात वाचली. तुम्ही ठरवलंत तेच केलंत असं दिसतं. बरोबर की चूक, मी बोलणार नाही. आमच्या शेडच्या शेजारची जमीन सपाट करतायत. दुसरी शेड येणार. तिच्याही बोर्डावर तात्पुरती साठवण असंच लिहिलं आहे. रंगाचे डबे जास्त मागवले आहेत.

मुलाने तिकडेच घर घेतलं. फोनवर मला सांगितलं, आईला तुम्हीच सांगा म्हणाला. मी सांगितलं. ही भांडी घासत होती ती घासत राहिली. आता म्हणते मागची खोली भाड्याने देऊ. या गावात कोण भाड्याने राहायला येणार? पण मी बोर्ड लावला आहे. तिला तेवढंच.

एक विचारायचं होतं. मी ती पिंपं रोज बघतो. त्यांना कुठेतरी जायला हवं, एवढं मलाही कळतं. दुसरी जागा आहे का? नसेल तरी सांगा. हिला सांगणार नाही.

तब्येत सांभाळा. घरचेच आहात, परके समजू नका.

आपला,
भाऊजी


२३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज ऊन होतं. शेवटचं भोक सिमेंटने भरून झालं. खालून भरत वर यायचं असतं, म्हणून वेळ लागला. यंत्र ट्रकवर चढवलं. ड्रिलर आणि बाकीचे दुपारी गेले. मी उद्या निघेन.

भाऊजींचं पत्र मिळालं. त्यांनी जे विचारलं ते तुझ्यापासून लपवायचं मला पटत नाही. दुसरी जागा नाही. शोधायचं खातंच बंद होत आहे. मला कार्यालयात टेबल देणार आहेत, कामाचं अजून ठरलेलं नाही.

तिच्या बाकीच्या पेट्याही उघडल्या. आणखी काहींमध्ये तसंच निघालं. अहवालात तिचं पूर्ण नाव घालावं लागलं. हुद्दाही घातला. तो भाग मी दुसऱ्या कोणाला लिहू दिला नाही.

तू विचारलं होतंस, तुला काय जातं. मी पुष्कळ विचार केला, पण पत्रात लिहिण्यासारखं उत्तर आलं नाही. संचालकांनी सांगितलं तसं लिहिलं असतं, तर सूनबाई बाळाला घेऊन आली असती. तेही मला दिसत होतं. लिहिताना सगळा वेळ दिसत होतं.

तू उत्तर पाठवलं नाहीस तरी मी लिहीत जाईन. हवामानाचंच लिहीन. वाचायचं की नाही ते तू ठरव.

तुझा,
भाऊ

ता. क. पत्र इथवर लिहून सामान बांधायला उठलो. पलंगावरची मोठी चादर सकाळी धुतली होती, ती वाळली. आत आणली. घडी घालताना समोरची दोन टोकं ती धरायची. मी वरची दोन टोकं हनुवटीखाली दाबली, हात लांब करून खालची दोन वर घेतली. एक बाजू जमिनीला लागली. झटकली आणि पुन्हा घडी घातली.