अतांगादादाचे दिवस घालू नका

कलादान नदीचं खोरं, जानेवारी १९४५

आई,

लांबूनच तुझ्या पाया पडतो. दोन महिने पत्र टाळलं, खोटं कशाला सांगू? अतांगादादा सापडला का, हेच तू विचारणार, म्हणून.

मी बरा आहे. जपानी मागे हटताहेत, आम्ही नदीकाठाने त्यांच्या मागे चालतोय. गोरे शिपाई ओझं पाठीवर घेतात, आम्ही आफ्रिकी आपले डोक्यावर, गावातल्यासारखंच. विमानातून सामान ज्या छत्र्यांनी खाली येतं ना, त्यांच्या कापडाची चुंबळ फार मऊ होते. तुला एक आणीन. पाय मात्र आता माझे वाटतच नाहीत. बाबांचा खोकला कसा आहे?

दादा नदी ओलांडताना वाहून गेला, तेव्हा मी पलीकडच्या काठावर होतो. प्रेत कुणी पाहिलं नाही. गावच्या मास्तरांनी तुमच्यातर्फे लिहिलंय, तुम्ही ज्वारी भिजवून, तिची दारू गाळून त्याचे दिवस घालणार. आई, एवढ्यात नको. एकदा दिवस घातले की आपल्यात जिवंत परतलेल्यालाही दारातून आत घेत नाहीत.

इथवर लिहिलं आणि मागून कुणीतरी टपली मारली. "अरे गाढवा, मेलेल्या माणसाला चहा तरी पाज!"

दादाच! वाळून काटकी झालाय. काठावरच्या कोळ्यांनी त्याला जपान्यांपासून लपवून ठेवलं होतं. मी रडलो, तो नाही. त्याने एवढंच विचारलं, "आईने ज्वारी भिजत घातली नाही ना?"

घातली असशील तर आत्ताच्या आत्ता उपसून कोंबड्यांना टाक.

तुझा,
अकोल्गो