कुणाला कळणार नाही

ती. ताईस, धाकट्या भावाचा नमस्कार. कागद मांडीवर ठेवून लिहितो आहे, तेव्हा नमस्कार वाकडा झाला असेल तर सरळ करून घे. गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? इथे तुझी भावजय मजेत आहे. मी नाही. हे पत्र वाचून झालं की फाड आणि तुकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणी टाक. फोनवर हे बोलणार नाही. फोनवरचा माझा विश्वास उडाला आहे.

लेकीनं आपलं चष्म्याचं दुकान सोडून परगावी नोकरी धरली, तेव्हा मी दोन गिऱ्हाइकांसमोर (त्यातलं एक नुसतं पत्ता विचारायला आलं होतं) तिला म्हणालो, पुन्हा ही पायरी चढू नकोस. तिनं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं, आणि नेमकं हेच! अकरा महिने झाले. आईशी बोलते, पण तुझी भावजय स्वयंपाकघराचं दार लावून बोलते आणि बाहेर आली की मला फक्त कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते विचारते.

लेक रोज फोनवर फोटो टाकते. दुसऱ्या दिवशी ते नाहीसे होतात, पण कुणी पाहिले त्यांची नावं तिला दिसतात. तिथे माझं नाव दिसणं म्हणजे मी हरलो की नाही? मग लेन्स पुरवणाऱ्यानं एक वेबसाइट सांगितली : फोटो बघा, कुणाला कळणार नाही. दुपारी शटर अर्धं ओढून मी डोळे तपासायच्या खोलीत बसायला लागलो. वेबसाइटनं आधी विचारलं, तुम्ही माणूसच आहात ना? मी दोनदा 'हो' दाबलं. (फोनच्या कॅमेऱ्यावर मी डोळा झाकायची काळी पट्टी धरली होती.) तिनं जगासमोर ठेवलेलंच मी बघतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण जगातला माणूस शटर ओढून बघतो का? हा प्रश्न मी पाच महिने टाळला.

मागच्या आठवड्यात तिच्या चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली दिसली. ताई, चष्मेवाल्याची लेक! तिच्या नंबराचं कार्ड खणात होतंच. नवा चष्मा केला, स्क्रू सैल होऊ नये म्हणून नेहमीसारखा तुझ्या भावजयीच्या नेलपेंटचा लाल ठिपका दिला, पुसायच्या फडक्यावरचं दुकानाचं नाव कापलं, भावजयीच्या वहीतून पत्ता उतरवला आणि पाठवणाऱ्याच्या जागी 'हितचिंतक' लिहून कुरियर केलं. वाटलं, पोरगी खूश होईल.

पार्सल पोचलं त्या दिवशी तिचा चेहरा दिसलाच नाही. दाराच्या नव्या कुलपाचा फोटो होता. वर लिहिलं होतं, 'चष्मा मोडल्याचं मी आईलाही सांगितलं नव्हतं. माझा नंबर, माझा पत्ता कुणाकडे आहे? कोण बघतंय मला?' मग तिनं खातं अनोळखी लोकांना बंद केलं. आता वेबसाइट म्हणते, बघण्यासारखं काही नाही.

इतके दिवस मी सापडायला घाबरत होतो. आता भीती वेगळीच आहे. ती एकटी त्या कुलपाकडे बघत बसली असेल, आणि जिला भिऊन कुलूप लावलं ती ब्याद म्हणजे मी. सांगावं तर उरलंसुरलं तुटेल. न सांगावं तर ती अशीच दचकत राहील.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. चष्मा तूच पाठवलास, असं तिला सांगशील?

ता. क. वरचं रद्द. तुला खोटं बोलता येत नाही, आणि आता मलाही बोलायचं नाही. मीच सांगेन. कसं ते सुचत नाही.

ता. क. पाकीट चिकटवतानाच कुरियर आलं. चष्मा परत! सोबत चिठ्ठी : 'बाबा, असा लाल ठिपका फक्त तुम्ही देता. मला तो चार दिवसांनी दिसला. ते चार दिवस मी झोपले नाही, हे तुम्हाला कळायलाच हवं. डावी काडी कानामागे टोचते. माणूस समोर नसताना चष्मा बसवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. रविवारी घरी आहे. दार वाजवा आणि नाव सांगा.'

ताई, चिमटा आणि बारीक स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरून ठेवलाय. पण हात दारापर्यंत जाईलसं वाटत नाही. शनिवारीच ये. दार तू वाजव, नाव मी सांगतो.