लाल-निळ्याचा गुंता

सोमवार
आले एकदाची! टेकडीवरची सौर वेधशाळा, ऐसपैस खोली, चहा हवा तेवढा. दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पडतं. त्यावरचे डाग आपण गिरवायचे. डागाच्या चुंबकत्वाचं एक टोक लाल पेन्सिलीने, दुसरं निळ्या. हेच चित्र पडद्यावर दाखवणारं यंत्र आहे, पण इथल्या साहेबांचा विश्वास हातावर. लाल-निळे अलग असले की सूर्य शांत, एकमेकांत गुरफटले की ताण साठतो. साहेब म्हणाले, गुंता आहे तोवर सूर्य रुसलेल्या जावयासारखा नुसता फुगून बसतो. गुंता तटकन सुटतो तेव्हाच ज्वाला उसळते. मी खो खो हसले.

दादालाही पोचल्याचं कळवलं. तो अंतराळस्थानकावर आहे, शुक्रवारी दुरुस्तीसाठी बाहेर पडणार. बाहेर असताना ज्वाला उसळली तर तिच्या किरणांपासून आडोसा नाही. म्हणाला, चिमणे, माझ्या सूर्यावर लक्ष ठेव गं.

मंगळवार
वेंधळेपणा नडला. पेन्सिल घसरली आणि लाल डागाची शेपटी निळ्यात घुसली. खोडण्याआधीच साहेब कागद घेऊन गेले. बोलणी खायच्या तयारीत बसले. दुपारी त्यांनी यंत्रावरचं चित्र पाहून शाबासकी दिली. तशीच शेपटी सूर्यावर होती. सकाळी नव्हती.

बुधवार
मुद्दाम एक ठिपका जास्त काढला, जिथे काहीच नव्हतं तिथे. जेवून आले तर सूर्यावर नवा डाग. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, दगदग झाली, झोप काढा.

गुरुवार
पेन्सिलीला शिवले नाही. तरी शेपटी वळतेय, निळ्याला विळखा घालतेय. दादाला बाहेर सोडू नका म्हणून स्थानकाच्या नियंत्रण कक्षाला कळवलं. तिकडच्यांनी पुरावा मागितला. काय दाखवू, माझा हात?

शुक्रवार
दादा बाहेर पडला. विळखा घट्ट झालाय. मग सुचलं, माझ्या हाताने झालं ते माझाच हात निस्तरेल. सगळं खोडलं. लाल इकडे, निळा तिकडे, मधे कोरा कागद. जीव भांड्यात पडला. दादाला निरोप धाडला, सूर्य शांत आहे, सावकाश काम कर.

यंत्र पाहिलं. गुंता सुटतोय. भराभर —

सुटतो तेव्हाच. साहेब म्हणाले होते. सुटतो तेव्हाच —

पुन्हा गुंतवतेय. लाल निळ्यात, निळा — टोक मोडलं — यंत्राचा पडदा पांढरा पडला, ज्वाला उसळली —

दादा अजून बाहेरच. स्थानकाच्या दारापासून लांब गेलाय, रेडिओवर त्याची शीळ ऐकू येतेय. मी म्हटलं ना सावकाश — कुणीतरी सांगा त्याला, मी —