दोन महिने नुसती पेज

ठाणे, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९४

काशिनाथकाकांच्या खालच्या जबड्यात नव्या दातांसाठी बसवलेला स्क्रू आज बोटाने हलला. हाडात रुजायला तीन महिने लागतात. तोवर भार नको, चावायचं नाही, असं बजावलं होतं. मी चिडूनच विचारलं, "काय खाल्लंत?"

"दोन महिने नुसती पेज, डॉक्टर. गणपतीत मोदकालाही हात लावला नाही."

मग?

"नवरात्रात टेंभी नाक्याला रोज क्लॅरिनेट वाजवलं. तेवढ्यापुरती जुनी कवळी घालायचो. त्याशिवाय ओठाला आधार कुठला?"

म्हणजे भार पडला तो वाजवताना. पेज पीत राहिला बिचारा माणूस! धंदा बँडचा, हे कार्डावर माझ्याच अक्षरात आहे. मी फक्त जेवणाचं बोललो. आता स्क्रू काढावा लागणार.

निघताना माफी त्यांनीच मागितली.